दोन लॅब, दोन उत्तरं: स्ट्राँगिलॉइडिसच्या अँटिबॉडी रिपोर्टचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही तपासता येईल. वडील 61 वर्षांचे, भंडारा जिल्ह्यात धानाची शेती. तीन महिन्यांपासून पायांवर सूज आहे आणि लघवीतून भरपूर प्रथिनं जातायत. नेफ्रॉलॉजिस्टना स्टेरॉइड सुरू करायचंय. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे जंतलागणीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 14 टक्के निघाल्या, म्हणून त्यांनी स्टेरॉइडआधी स्ट्राँगिलॉइडिस या जंताची अँटिबॉडी तपासणी करायला सांगितली. नागपूरच्या लॅबने 'पॉझिटिव्ह, इंडेक्स 1.6' असा रिपोर्ट दिला. तुम्ही पुण्यात असता, म्हणून आठ दिवसांनी वडिलांना घेऊन आलात आणि तिथल्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलंत. तिथे 'निगेटिव्ह, 0.8' आलं. भरीला फायलेरियाची, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताची, अँटिबॉडी पॉझिटिव्ह, आणि संडासची तपासणी तीन वेळा स्वच्छ. तुम्ही विचारता: खोटं कोण बोलतंय, आणि तिसऱ्या लॅबमध्ये जावं का?

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टर. विदर्भातच बावीस वर्षं लॅबच्या टेबलामागे काढली. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाचा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण रिपोर्ट कसा वाचायचा हे मी सांगू शकते. माझं म्हणणं थोडक्यात असं: दोन्ही लॅब बहुधा खरंच बोलतायत, आणि तिसऱ्या रिपोर्टने तुमचा प्रश्न सुटणार नाही. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न 'कोणती लॅब बरोबर' हा नाही. 'स्टेरॉइडची पहिली गोळी पोटात जाण्याआधी जंतावरची गोळी द्यायची का' हा आहे. त्याचं उत्तर देताना अँटिबॉडी हा एक साक्षीदार. न्यायाधीश नव्हे.

आधी आरोपीची ओळख. स्ट्राँगिलॉइडिस स्टरकोरॅलिस हा लहान आतड्याच्या अस्तरात राहणारा गोलकृमी, मादी जेमतेम दोन मिलिमीटरची. चिखलातून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. 1876 मध्ये लुई नॉर्मां या फ्रेंच नौदलाच्या डॉक्टरला तूलाँ बंदरात तो सापडला, इंडोचायनातून जुलाबाने बेजार होऊन परतलेल्या सैनिकांच्या शौचात. बाकीच्या जंतांपेक्षा याची एक खोड वेगळी. याची अंडी आतड्यातच फुटतात, आणि काही अळ्या बाहेर पडण्याआधीच वाढून, आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून पुन्हा आत घुसतात. म्हणजे माणूस स्वतःच स्वतःला लागण करत राहतो. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये हा जंत चाळीस-पन्नास वर्षांनंतरही सापडला आहे. वडिलांनी रोवणीला बांधीत उतरणं दहा वर्षांपूर्वी सोडलं असलं, तरी 'आता कुठे चिखलात जातात ते' हा मुद्दा इथे चालत नाही.

धडधाकट माणसात हा पाहुणा गप्प असतो. थोडी पोटदुखी, कधी अंगावर पित्त उठल्यासारखं, कधी मांडीवर किंवा ढुंगणावर वळवळत पुढे सरकणारी खाजरी रेघ. ही रेघ तासाभरात काही सेंटिमीटर पुढे गेलेली दिसते. वडिलांना हे एकदा नक्की विचारा. लाजून सांगत नाहीत माणसं. पण स्टेरॉइड सुरू झालं की अळ्यांवरचा लगाम सुटतो. त्या फुप्फुसात, कधी मेंदूपर्यंत जातात, आणि जाताना आतड्यातले जीवाणू अंगावर घेऊन जातात. म्हणून तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी ही तपासणी आधी सांगितली. त्यांना शंभर गुण.

आता प्लेटकडे येऊ. दोन्ही लॅबनी जी तपासणी केली ती एलायझा. 96 खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक खळग्याच्या तळाला जंताची प्रथिनं आधीच चिकटवलेली. त्यात पेशंटचं सिरम पातळ करून घालायचं. त्या प्रथिनांना ओळखणाऱ्या अँटिबॉडी असतील तर त्या चिकटतात, बाकीचं धुऊन जातं. मग दुसरी, रंग आणणाऱ्या एन्झाइमची अँटिबॉडी, पुन्हा धुणं, मग रंगद्रव्य. निळा रंग येतो, आम्लाचा थेंब टाकला की पिवळा होतो, आणि यंत्र तो पिवळेपणा मोजतं. हा आकडा किटच्या ठरलेल्या सीमारेषेने भागला की तुमचा 'इंडेक्स'. 1 च्या वर पॉझिटिव्ह, खाली निगेटिव्ह, आणि 0.9 ते 1.1 च्या आसपास बहुतेक किट 'संदिग्ध' म्हणतात.

इथेच पहिली गफलत होते. 1.6 आणि 0.8 हे शुगरच्या दोन आकड्यांसारखे नाहीत. साखर नागपुरात मोजा की पुण्यात, एकक तेच. हे आकडे मात्र आपापल्या सीमारेषेचे पट आहेत, आणि सीमारेषा प्रत्येक किटची स्वतःची. त्याहून महत्त्वाचं, तळाला चिकटवलेली प्रथिनं प्रत्येक किटची वेगळी. म्हणजे दोन लॅबनी तुमच्या वडिलांच्या रक्ताला दोन निरनिराळे प्रश्न विचारले. उत्तरं वेगळी आली यात नवल काय?

काही किटमध्ये अळ्यांचा पूर्ण अर्क असतो. अळ्या कुटून, गाळून जे विरघळतं ते सगळं. माणसातल्या जंताच्या अळ्या भरपूर मिळवणं अवघड, म्हणून काही किट चक्क उंदरांमधल्या स्ट्राँगिलॉइडिस रॅटीचा अर्क वापरतात, कारण तो प्रयोगशाळेत वाढवता येतो. या अर्कात शेकडो प्रथिनं असतात. फायदा असा की पेशंटच्या शरीराने त्यातल्या कुठल्याही एकाला ओळखलं तरी रंग येतो, म्हणून खरी लागण सहसा सुटत नाही. तोटाही तिथेच. गोलकृमी सगळे एकाच भाऊबंदकीतले. फायलेरिया, अंकुशकृमी, साधा जंत यांच्याशी मिळतीजुळती प्रथिनं त्या अर्कात असतात, आणि त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडीही येऊन चिकटतात.

दुसऱ्या प्रकारच्या किटमध्ये अर्क नसतो, प्रयोगशाळेत जीवाणूंकडून बनवून घेतलेलं एखादं निवडक प्रथिन असतं, त्याला 'रिकॉम्बिनंट' म्हणतात. त्यातलं सर्वात जास्त वापरलं जाणारं म्हणजे 'एनआयई', 2002 मध्ये प्रसिद्ध झालेलं, अळीच्या तिसऱ्या अवस्थेतलं प्रथिन. त्याच्या जोडीला 'एसएसआयआर' नावाचं दुसरं प्रथिनही काही ठिकाणी वापरतात. निवडक प्रथिन म्हणजे भाऊबंदांची घुसखोरी खूपच कमी. पण एखाद्या माणसाच्या शरीराने नेमक्या त्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या नसतील, किंवा थोड्याच बनवल्या असतील, तर जंत असूनही रिपोर्ट निगेटिव्ह. मी हे पेशंटना असं सांगते: पहिली तपासणी गावातल्या कुणीही ओळखलं तरी दार उघडते, दुसरी फक्त आधार कार्डावरचा फोटो जुळला तरच.

2014 मध्ये पाच वेगवेगळ्या तपासण्या एकाच सिरमसाठ्यावर शेजारी-शेजारी लावून पाहणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंत असलेली माणसं सर्वात जास्त पकडली ती इम्युनोफ्लुरोसन्सने. यात अख्ख्या अळ्या काचपट्टीवर ठेवून त्यांच्यावर अँटिबॉडी चमकताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चुकून पॉझिटिव्ह सर्वात कमी आले एनआयई वापरणाऱ्या 'लिप्स' या प्रकाशमापक तपासणीत. बाजारातले एलायझा किट कुठेतरी मधे. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटली ती अशी, की एलायझाचा आकडा सीमारेषेच्या बराच वर असला तर तो जवळपास खात्रीचा धरता येतो. अडचण रेषेला चिकटून असलेल्यांची. वडिलांचा 0.8 तसा आहे. आणि 1.6 ही काही फार वरची मजल नाही.

म्हणून तिसऱ्या लॅबच्या आधी एक फोन करा. दोन्ही लॅबना एवढंच विचारा: 'तुमच्या किटमध्ये पूर्ण अर्क आहे की रिकॉम्बिनंट प्रथिन? सगळा आयजीजी मोजता की फक्त आयजीजी-4?' आयजीजी ही रक्तातली मुख्य अँटिबॉडी, आयजीजी-4 हा तिचा उपप्रकार. जुनाट जंतलागणीत तो चढतो आणि भाऊबंदकीला कमी बळी पडतो. चांगल्या लॅबला हा प्रश्न आवडतो. फोन उचलणाऱ्या मुलीला कळला नाही तर डॉक्टरांशी बोलू द्या म्हणा. माझा अंदाज, नागपूरचा किट अर्काचा निघेल आणि पुण्याचा रिकॉम्बिनंट. पण हा अंदाजच.

आता फायलेरिया. तुम्ही तो रिपोर्ट पाहून जास्त घाबरलेले दिसता, म्हणून जरा थांबते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा हा पट्टा हत्तीरोगाचा जुना पट्टा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने फायलेरियाच्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, ते उगाच नाही. या भागात साठ वर्षं डास चावून घेतलेल्या माणसात फायलेरियाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणं म्हणजे 'कधीतरी ओळख झाली होती' एवढंच. जंत आत्ता अंगात आहे का, हे विचारायचं असेल तर अँटिजेन शोधा, म्हणजे जंताने स्वतः रक्तात सोडलेला पदार्थ. त्यासाठी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होणारी एफटीएस पट्टी आहे. ती बरोबर दहा मिनिटांनी वाचायची असते. पंधरा-वीस मिनिटांनी वाचली तर उगाच रेघ उमटलेली दिसू शकते, आणि शिबिरांच्या धांदलीत हे होताना मी पाहिलंय. नाहीतर रात्री दहानंतर घेतलेला रक्ताचा जाड थेंब. फायलेरियाच्या अँटिबॉडीला खरी किंमत येते ती एका विशिष्ट आजारात: रात्रीचा कोरडा खोकला, दम्यासारखी घरघर आणि इओसिनोफिल मायक्रोलिटरमागे 3,000 च्याही वर. तुम्ही खोकल्याचं काही लिहिलेलं नाही.

वडिलांच्या इओसिनोफिलचंही सांगते. 14 टक्के हा आकडा एकटा वाचू नका. पांढऱ्या पेशी 9,200 आहेत, म्हणजे इओसिनोफिल प्रत्यक्षात सुमारे 1,290. नेहमीची मर्यादा 500. वाढलेल्या आहेतच. आणि हो, स्टेरॉइड सुरू झाल्यावर हा आकडा धाडकन खाली येईल. तेव्हा 'बघा, जंत गेला' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. स्टेरॉइड इओसिनोफिल तसेही खाली आणतं, आणि जंत पसरलेल्या गंभीर पेशंटमध्ये तर त्या बहुधा वाढलेल्या नसतातच.

फायलेरियाच्या निमित्ताने एक चौकशी मात्र जरूर करा. हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी वाटतात, त्या वडिलांनी कधी घेतल्या? कोणत्या साली, आणि किती गोळ्या? जुन्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडॅझोल या दोन औषधांच्या गोळ्या असायच्या. नागपूर जिल्ह्यात 2019 च्या सुरुवातीला तीन औषधांची मोहीम सुरू झाली, पुढे राज्यातल्या आणखी काही जिल्ह्यांत गेली. त्यातलं तिसरं औषध आयव्हरमेक्टिन. आशाताई उंची मोजायची काठी घेऊन येतात आणि उंचीप्रमाणे गोळ्या देतात, ती मोहीम. हेच आयव्हरमेक्टिन स्ट्राँगिलॉइडिसवरचंही पहिल्या पसंतीचं औषध. म्हणजे वडिलांनी दोन-तीन वर्षांपूर्वी आशाताईसमोर त्या गोळ्या खरोखर गिळल्या असतील, तर जंत तेव्हाच गेला असण्याची आणि आता अँटिबॉडी हळूहळू ओसरत असण्याची शक्यता आहे. एका किटला त्या अजून दिसतात, दुसऱ्याला नाही. गोळ्या हातात घेऊन खिशात टाकल्या असतील, तर अर्थात गोष्ट वेगळी. आमच्याकडे हेही काही कमी होत नाही.

एक मुद्दा तुम्हाला अजून कुणी सांगितला नसावा. वडिलांच्या लघवीतून प्रथिनं जातायत. अँटिबॉडी हीदेखील प्रथिनंच. मूत्रपिंडातून अशी प्रथिनं गळण्याच्या आजारात, म्हणजे नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, अल्ब्युमिन या प्रथिनाबरोबर आयजीजीही वाहून जातो, आणि रक्तातला एकूण आयजीजी खाली येतो. प्लेटमधला रंग त्या आयजीजीमुळेच येतो ना? मग सीमारेषेला टेकलेला 0.8 हा कदाचित प्रथिनं शाबूत असलेल्या माणसात 1.1 दिसला असता. हे मी छातीठोकपणे म्हणत नाही, शक्यता म्हणून म्हणते. पण एवढ्यासाठीच अशा पेशंटचा निगेटिव्ह रिपोर्ट मी अर्ध्याच भरवशाने घेते. एकूण आयजीजी मोजून घेता येतो. साधी तपासणी आहे.

हा सावधपणा मी पुस्तकातून शिकले नाही. पंधरा-एक वर्षांपूर्वी, मी तेव्हा काम करत होते त्या लॅबमध्ये, सांधेदुखीसाठी कित्येक महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या एका गृहस्थांचा सॅम्पल आला. एलायझा निगेटिव्ह. मी सही केली, खाली एक अक्षरही न लिहिता. महिन्याभराने दुसऱ्या एका रुग्णालयाच्या आयसीयूमधून थुंकीची काचपट्टी आली, निदान न्यूमोनिया. जीवाणू पाहायला म्हणून ग्रॅम स्टेन लावला होता. सूक्ष्मदर्शकात जीवाणूंच्या पलीकडे, अख्ख्या क्षेत्रभर आडवी पसरलेली एक अळी. मग दुसरी. नाव वाचलं तेव्हा हात गार पडले. ते वाचले नाहीत. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात अँटिबॉडी बनतच नाहीत किंवा कमी बनतात, हे मला माहीत होतं. कागदावर उतरवलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या सहीच्या प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टखाली एक ओळ असते: 'स्टेरॉइड किंवा तत्सम औषध चालू असल्यास या निष्कर्षाने लागण नाकारता येत नाही.' टायपिस्टला कंटाळा आलाय त्या ओळीचा.

आता थोडा हिशेब, कारण याशिवाय पॉझिटिव्हचा अर्थ लागत नाही. समजा एखादी तपासणी खऱ्या लागणीतल्या 100 पैकी 90 जण पकडते आणि लागण नसलेल्या 100 पैकी 95 जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते. ऐकायला उत्तमच. ही तपासणी शहरात वाढलेल्या, चिखलाशी संबंध नसलेल्या 1,000 लोकांवर लावा, ज्यांच्यात खरी लागण 20 जणांना आहे. त्यातले 18 पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या 980 पैकी 49 जण विनाकारण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 67 पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त 18. आता तीच प्लेट अशा 1,000 जणांवर लावा, ज्यांच्यात 300 जणांना लागण आहे. खरे पॉझिटिव्ह 270, खोटे 35. पॉझिटिव्ह आलेल्या दहा जणांपैकी जवळजवळ नऊ खरे. किट तोच, सही तीच, कागदावरचा शब्द तोच. बदलला तो फक्त पेशंट कुठून आला हा तपशील. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, पण तत्त्व हेच. तुमचे वडील कोणत्या हजारांतले? आयुष्यभर धानाची बांधी, अनवाणी पाय, वाढलेल्या इओसिनोफिल. मी त्यांना दुसऱ्या गटाच्या जवळ बसवेन. म्हणून नागपूरचा 1.6 मी झटकून टाकणार नाही.

संडासच्या तीन स्वच्छ रिपोर्टविषयी. तिन्ही वेळा साधी तपासणी झाली असणार, म्हणजे काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात चिमूटभर नमुना. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या थोड्या आणि रोज सारख्या न पडणाऱ्या. या पद्धतीत अर्ध्याहून जास्त लागणी निसटतात. रिपोर्टवर 'अंडी आणि सिस्ट आढळले नाहीत' असं छापलेलं असेल ते पाहा. या जंताची अंडी शौचात सहसा येतच नाहीत, अळ्या येतात. म्हणजे जे सापडणार नव्हतं तेच शोधलं. आणि मला खात्री आहे की नमुना बर्फाच्या डब्यातून नेला असेल, कारण लोकांना वाटतं थंड म्हणजे चांगलं. थंडीत अळ्या मरगळतात, मरतात. त्यांना हलताना पाहायचं असेल तर नमुना ताजा, साध्या तापमानाचा हवा.

याहून चांगली पद्धत म्हणजे अगर प्लेट. पेट्री डिशमधल्या अगरवर मधोमध दोन-तीन ग्रॅम शौच ठेवायचं, झाकण टेपने पक्कं बंद करायचं आणि दोन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवायचं. अळ्या बाहेर सरपटतात, आणि जिथून जातात तिथे अंगावरचे जीवाणू सांडत जातात. त्या वाटेवर जीवाणूंच्या वसाहती उगवतात. आमच्याकडच्या नव्या टेक्निशियनने पहिल्यांदा अशी प्लेट पाहिली तेव्हा तो मला हाक मारून म्हणाला, 'मॅडम, हिच्यावर कुणीतरी गिरगोट्या मारल्यात.' मधल्या ढिगाऱ्यापासून कडेपर्यंत नागमोडी, एकमेकींना छेदणाऱ्या ठिपक्यांच्या रेघा. मग सूक्ष्मदर्शक. अंकुशकृमीच्या अळ्याही अशाच फिरतात, म्हणून तोंड पाहावं लागतं: तोंडाची पोकळी आखूड असेल तर स्ट्राँगिलॉइडिस, लांब असेल तर अंकुशकृमी. हातमोजे घातल्याशिवाय त्या प्लेटला हात लावायचा नाही, त्या अळ्या कातडीतून शिरतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारा, आधी कळवलं तर बरेच जण करून देतात. निरनिराळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. एकात जरी अळी दिसली तर सगळा वाद संपला. नाही दिसली तर मात्र वाद संपत नाही, हे लक्षात असू द्या.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असते तर वडिलांच्या डॉक्टरांसमोर असं मांडलं असतं: 'चिखलाचा इतिहास आहे, इओसिनोफिल जास्त आहेत, एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे, दुसरीवर लघवीतल्या प्रथिनांमुळे पूर्ण भरवसा नाही. स्टेरॉइड थांबवता येत नसेल तर आधी आयव्हरमेक्टिन देऊन टाकावं का?' तराजूच्या एका पारड्यात नको असताना घेतलेल्या काही गोळ्या आहेत, दुसऱ्यात आयसीयू. 2020 मध्ये कोविडसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी हाच मार्ग सुचवला होता: लागणीची शक्यता असलेल्या भागातल्या माणसाची तपासणी होईपर्यंत थांबता येत नसेल, तर गोळी आधी. नेहमीची मात्रा किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम. सूज असताना वजन कोणतं धरायचं हे डॉक्टर ठरवतील. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसात एक मात्रा चार मात्रांइतकीच पुरते असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं, पण स्टेरॉइडवर जाणाऱ्या माणसात बरेच डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. मेडिकलवाला 'जंताची गोळी' म्हणून अल्बेंडॅझोल देईल. या जंतावर ती कमी पडते. आणि आपल्या मनाने काही देऊ नका, वडिलांची बाकीची औषधं चालू असतील.

एक अपवाद सांगून ठेवते, तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्या कुणाला असेल. मध्य आफ्रिकेत, कॅमेरून-काँगोकडे, नोकरीनिमित्त राहून आलेल्या माणसाला आयव्हरमेक्टिन देण्याआधी लोआ लोआ हा तिकडचा जंत रक्तात नाही ना हे पाहावं लागतं. तो भरपूर असताना ही गोळी दिली तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. भारतातून कधी बाहेर न गेलेल्या माणसात ही भीती नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की घरच्या सगळ्यांचीच 'जंतांची अँटिबॉडी' करून घ्यावी का. नको. साधा जंत, म्हणजे आस्कॅरिस, त्याला अँटिबॉडीची गरजच नाही, शौचात अंडी दिसतात. मुलं कुत्र्याच्या पिल्लांबरोबर मातीत खेळतात आणि डोळ्याची किंवा यकृताची काही तक्रार आहे, तर टॉक्सोकॅरा या कुत्र्यातल्या जंताची तपासणी वेगळी असते. तिथेही एलायझा पॉझिटिव्ह आला तर वेस्टर्न ब्लॉट या दुसऱ्या अँटिबॉडी तपासणीने खात्री करतात, आणि डोळ्याच्या आजारात रक्तातली अँटिबॉडी निगेटिव्ह असूनही डोळ्यात अळी असू शकते. 'पॅरासाइट पॅनेल' नावाने चार-पाच तपासण्यांची पॅकेजं विकली जातात. त्यातून निघालेले अर्धे फोन माझ्याकडे येतात, असा हा अनुभव आहे. वडिलांसारखी बांधीत काम केलेली आई असेल आणि तिलाही इओसिनोफिल जास्त असतील, तर फक्त तिची स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी करा.

गोळी दिल्यावर महिन्याभरात पुन्हा अँटिबॉडी करायला धावू नका. ती इतक्या लवकर उतरत नाही, आणि उगाच 'औषध लागू पडलं नाही' अशी धास्ती बसते. सहा महिने ते वर्षभराने पाहायचं, आणि तेव्हा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह शब्द सोडून आकडा पाहायचा: गोळीनंतरचा रंग गोळीआधीच्या रंगाच्या 0.6 पटीखाली आला तर जंत गेला असं धरतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत लघवीतली प्रथिनं मधल्या काळात थांबली तर आयजीजी वाढेल, आणि स्टेरॉइडने उलट कमी होईल, म्हणून एवढ्या एका आकड्यावर विसंबून चालणार नाही. इओसिनोफिल आणि शौचाची अगर प्लेट जोडीला हवी. पण तुलना व्हायची असेल तर ती एकाच किटवर, एकाच प्लेटवर, जुना आणि नवा सॅम्पल शेजारच्या खळग्यांत घालून व्हायला हवी. म्हणून नागपूरच्या लॅबला आजच फोन करा. बऱ्याच लॅब उरलेलं सिरम थोडेच दिवस ठेवतात आणि मग फेकतात. त्यांना म्हणा, वडिलांची नळी उणे 20 च्या फ्रीजरमध्ये ठेवा, आणि तिच्यावर तारखेखाली 'गोळीपूर्वी' असं लिहा.